समोर मूल आहे असं धरा

देगलूर
५ जुलै २०२४

सुकन्या,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, बरं केलंस. पत्र लिहायची सवय तरी मोडणार नाही. पत्ता उदगीरला तुमच्या घरी जाऊन रत्नम्माकाकूंकडून घेतला. 'मी दिला म्हणून तिला सांगू नको' असं त्यांनी तीनदा बजावलं होतं आणि मी पहिल्याच परिच्छेदात सांगून मोकळी झाले. तर लातूरला अभ्यासिका सांभाळतेस म्हणे. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं खुराड्यांत बसून पाठ करतात आणि तू त्यांच्या मोबाइलवर नजर ठेवतेस. नांदेडला बी.लिब.ला पहिली आलेली बाई. काय बोलावं.

तू सोडलेली शाळेतली ग्रंथपालाची जागा मला मिळतेय म्हटल्यावर 'ती जागा घेऊ नकोस' एवढंच तू म्हणालीस. कारण विचारलं तर तोंडाला कुलूप. मग मीही बोलले, की तुला स्वतःला नको आणि दुसऱ्यालाही मिळू द्यायची नाही. ते शब्द मी परत घेणार नाही, वाट बघू नकोस. हनुमंत धर्माबादला आडत दुकानात मुनीम, रविवारचा तेवढा घरी. मला पगाराची नोकरी मिळते, तीही आपल्या लेकराच्या शाळेत. कोण शहाणी बाई सोडेल?

जूनमध्ये रुजू झाले. कपाटं तू लावलीस तशीच आहेत, वर्गीकरणाचे आकडे तुझ्याच अक्षरात. पण सांग, आपल्याला वर्षभर ते आकडे घोकायला लावले त्याचा इथं काय उपयोग? पहिला आठवडा पाठ्यपुस्तकं वाटण्यात गेला. दुसरा शिष्यवृत्तीची माहिती संगणकात भरण्यात. मग खिचडीचा तांदूळ मोजायला उभं केलं. कोणी मास्तर रजेवर असला की मोठे सर म्हणतात, राजकन्याबाई खालीच आहेत, त्यांना पाठवा वर्गावर. ग्रंथपाल म्हणजे खाली, बिनकामाची बाई, असं इथं ठरलेलं आहे. आपल्या नांदेडच्या गुरुलिंग सरांना बोलावून आणावं आणि म्हणावं, बघा तुमची वाचकसेवा.

सरांचं ते प्रात्यक्षिक आठवतं का? गोष्टीच्या तासाचं. नांदेडच्या त्या हॉलमध्ये मुलं आणायची कुठून, म्हणून सर म्हणायचे, समोर मूल आहे असं धरा. आणि आपण सगळे रिकाम्या बाकांना हातवारे करून गोष्टी सांगायचो. माझं तर हसून हसून पोट दुखायचं. तू मात्र एका बाकाकडं बघत असं सांगायचीस की मी मागं वळून बघायचे, खरंच कोणी येऊन बसलं की काय. सरांनी तुला पन्नासपैकी पन्नास दिले होते.

एक विचारायचं राहिलं. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एकही पोर बसत नाही. दाटीवाटीनं पाच-पाच जण बसतील, पण तो बाक रिकामा. वर वर्गात जाताना त्यावर एखादं पुस्तक उघडं ठेवून जातात. विचारलं तर म्हणतात, तिथं बसतंय बाई. कोण बसतंय? तर खांदे उडवतात. हे खूळ तू लावून दिलंस का? मी बंद करून टाकलंय.

अयोध्या तिसरीत गेली. तू तिला बारशाला पाहिलंस त्यानंतर पाहिलंच नाहीस, आम्ही देगलूरला राहायला आलो तोवर तू इथून गेली होतीस. गोरी, गुटगुटीत, बडबडी आहे, पण वाचता येत नाही. 'कमळ' वाचताना क आणि म मध्ये एवढा वेळ घेते की तोवर क विसरून जाते. रोज रात्री घेऊन बसते, दोघी रडतो आणि झोपतो. बाईंचीच पोरगी, आणि बघा, असं मास्तर लोक माझ्या तोंडावर म्हणतात. सुकन्या, मला दुसरं काही नको. ती वाचायला लागावी, एवढंच.

राजकन्या


देगलूर
२२ ऑगस्ट २०२४

सुकन्या,

उत्तर पाठवलं नाहीस. नको पाठवू. मी लिहिणारच, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

आपल्याला शिकवलं होतं ना, वाचकानं पुस्तक परत फळीवर ठेवायचं नाही, बाकावरच सोडायचं, मग आपण गोळा करायचं, म्हणजे काय वाचलं जातंय ते कळतं. मी तसंच करते. तर मुलं गेल्यावर त्या शेवटच्या बाकावर रोज एक पुस्तक सापडायला लागलं. पोरांचीच करामत म्हणून सगळ्यांना दम दिला. मग शिपाई लिंबाजीमामांकडून चावी काढून घेतली, कुलूप मीच लावायला लागले. तरी सकाळी पुस्तक बाकावर. आधी चित्रांचं. मग बाराखडीचं. मग मोठ्या टायपातल्या गोष्टींचं. आणि काल जिथं उघडं होतं त्याच्या पुढचं पान आज उघडं.

खोटं सांगत नाही, पहिल्यांदा आत पाऊल टाकायचं धाडस झालं नाही. दार उघडून तशीच उभी राहिले आणि खिचडीच्या बाईला उगीच आत बोलावलं. पण नंतर माझं शिक्षण जागं झालं बघ. वाचकाला तू कोण, तुला हे कशाला हवंय, असं विचारायचं नाही. त्यानं काय वाचलं ते बघायचं आणि मागायच्या आधी पुढचं पुस्तक समोर ठेवायचं. मी तेच केलं. प्राण्यांच्या गोष्टी संपल्या तशा राजाराणीच्या ठेवल्या. त्या तीन दिवस तशाच पडून राहिल्या, म्हणून हरवलेल्या मुलांच्या ठेवल्या. त्या मात्र वाचल्या गेल्या. मग तशीच शोधून शोधून काढायला लागले.

हस तू. पण अख्ख्या शाळेत मला एकच वाचक असा मिळाला जो पुस्तक पूर्ण करतो. बाकीची पोरं चित्रं बघून मिशा काढतात. सकाळी कुलूप उघडताना मला उत्सुकता वाटायला लागलीय, आज कुठवर आलं असेल. मोठ्या सरांनी कामाबद्दल विचारलं तर मी म्हटलं, वाचन चांगलं चाललंय. खोटं काय होतं त्यात?

आता खरी बातमी. अयोध्याचा वर्ग माझ्याआधी सुटतो, म्हणून ती ग्रंथालयात येऊन बसते. परवा सरळ जाऊन त्या बाकावर बसली. बाकीची पोरं 'अगं अगं' करून राहिली. मी म्हटलं, बसू दे. काठाला बसली होती, आत कोणाला तरी जागा ठेवून बसावं तशी. मी पुस्तकांना कागद चिकटवत होते. थोड्या वेळानं ऐकू आलं. वाचत होती. अडखळत होती, पण पुढं जात होती. मी उठलेच नाही, उठले तर थांबेल म्हणून. डिंक बोटांवर वाळून गेला. सुकन्या, मी किती रडले ते तुला कळणार नाही. तुझ्या त्या खुळ्या बाकाला मी मनातून हात जोडले.

राजकन्या


देगलूर
२५ नोव्हेंबर २०२४

सुकन्या,

ह्या पत्राला उत्तर दे. रागावलेली असशील तर शिव्या दे, पण उत्तर दे.

दिवाळीच्या सुट्टीत अयोध्याला घेऊन बसले. म्हटलं, वाच गं, बाबांना ऐकव. पुस्तक समोर धरलं आणि ती रडकुंडीला आली. 'कमळ' सुद्धा येईना. हनुमंत माझ्याकडं बघायला लागला, कारण फोनवर मी दोन महिने त्याला पोरीचं कौतुक सांगून राहिले होते. ती म्हणाली, आई, घरी नाही येत. तिथं येतं. मी विचारलं, तिथं का येतं? तर म्हणाली, तिथं मला सांगतात ना कानात.

शाळा सुरू झाल्यावर मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. ती घडाघडा वाचत होती, मोठ्या बाईसारखी, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बरोबर. समोरचं पुस्तक मिटलेलं होतं. मी ते उचलून घेतलं तरी ती वाचतच राहिली. दर थोड्या वेळानं थांबायची आणि आत, खिडकीकडं बघायची, कोणी पान उलटायची वाट बघावी तशी. मग पुढं.

गोष्ट अशी. एक मुलगी होती. माहूरच्या गडावर गर्दीत तिच्या हातून आईचं बोट सुटलं. ती घर शोधत निघाली. दार आलं की वाजवायची. आतून विचारायचे, कोण गं? ती म्हणायची, तुमचीच. ते म्हणायचे, आमची तर घरात आहे, पुढं जा. मग ती पुढं जायची. दार, पुन्हा दार. आणि शेवटी एक दार येतं, त्याला पितळी कडी, वर शिवलिंगाची फरशी, उंबऱ्यावर रांगोळी. ती कडी वाजवते. आतून कोणी विचारत नाही. दार उघडायला लागतं, आणि तिथं अयोध्या थांबते. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी खांदे धरून हलवलं तेव्हा भानावर आली आणि भूक लागली म्हणाली.

ही गोष्ट मी सगळ्या कपाटांत शोधली. कुठल्याच पुस्तकात नाही. शेवटी लिंबाजीमामांना विचारलं. मामांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "हाव बाई, ती सुकन्याबाईंची गोष्ट हाय. लॉकडाऊनमंदी साळा बंद व्हती. मोठे सर म्हन्ले, पोरायसाठी गोष्टीचे व्हिडिओ करा. बाई रोज यायच्या आन त्या खिडकीच्या बाकाला गोष्ट सांगायच्या. मी मोबाइल धरून उभा. पुढं व्हिडिओ बंद झाले, तरी बाई सांगूनच राहिल्या. मी म्हन्लं, बाई, कोनीच न्हाई इथं. तर म्हन्ल्या, मामा, ऐकनारं हाय, मधी तोडता येत न्हाई."

मग मला सगळं कळलं. आपल्यालाच शिकवलं होतं, समोर मूल आहे असं धरा. बाकीच्यांनी पास होण्यापुरतं धरलं आणि विसरून गेले. तू दीड वर्ष धरलंस. रोज एकाच बाकावर, एकच मूल. आणि सर आणखी काय म्हणायचे ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. घंटा झाली तरी गोष्ट मध्येच तोडू नका, नाहीतर पोरं तुमच्या मागं घरापर्यंत येतील. आपण हसलो होतो त्याला. तू तोडलीस, आणि एका दिवसात राजीनामा देऊन निघून गेलीस.

मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. मला शेवट सांग. त्या दारामागं काय होतं? चार ओळी लिहून पाठव, मी तिथं बसून वाचून दाखवते, म्हणजे ते तृप्त होईल आणि माझ्या लेकराला सोडेल. ती आता घरी फार बोलत नाही. आधी कान किटायचे इतकी बडबड. आता विचारलं तेवढंच बोलते आणि पाच वाजले की दाराकडं बघते.

राजकन्या


देगलूर
१८ जानेवारी २०२५

सुकन्या,

तुझं पत्र आलं. एवढ्या दिवसांनी, आणि तेही पोस्टकार्डावर. पण आलं, त्यातच मला अर्ध्या वाटेचा धीर आला.

शेवट नाहीच, असं तू लिहिलंस. रोज एक दार वाढवत होतीस. आणि एक दिवस सांगता सांगता तोंडातून जे दार निघालं ते तुमचंच होतं, उदगीरचं, रत्नम्माकाकूंच्या हातच्या रांगोळीसकट. म्हणून गप्प झालीस. आता कळलं मला, काहून गेलीस ते. मी असते तर मीही पळाले असते. माझ्या त्या बोलण्याचं काय करायचं ते समोर आल्यावर बघू.

पण इथं गोष्ट थांबलेली नाही. तुझं कार्ड यायच्या आधीच ती पुढं सरकली. अयोध्या त्या दाराशी आता थांबत नाही. 'तिथलं माणूस निघून गेलं' असं म्हणते आणि पुढचं दार घेते. ही दारं मला ओळखू यायला लागली. आधी शाळेजवळची पिठाची गिरणी. मग तेलुगू बोलणाऱ्या वाण्याचं घर, तिथं आतून 'एवरु', म्हणजे कोण, असं विचारतात, आणि अयोध्याला तेलुगूचा एक शब्द येत नाही. मग आमच्या गल्लीचं तोंड. परवा तिनं उमाबाईंचं दार सांगितलं, निळं, खालची फळी निघालेलं. मी घरी आले तर उमाबाई ओट्यावरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "राजकन्ये, दुपारच्याला कोनीतरी दार वाजवून राहिलं व्हतं बघ. कोन हाय म्हन्लं, तर लहान लेकराचा आवाज आला, तुमचीच. उघडून बघते तर चिटपाखरू न्हाई. पोट्टे लई वात्रट झालेत." मी हाव म्हटलं आणि घरात येऊन आतून कडी लावली.

उमाबाईंनंतर दोन घरं, मग आमचं.

मी ग्रंथालय बंद ठेवून पाहिलं. अयोध्याला उमाबाईंकडं ठेवून मी एकटी ग्रंथालयात थांबले. ती तिथं भिंतीकडं तोंड करून बसली आणि तिथूनच सांगायला लागली. तिला घरात कोंडलं तर ती खिडकीशी बसून सांगते. देवऋषी झाला, नांदेडचा डॉक्टर झाला. डॉक्टर म्हणाला, कल्पनाशक्ती चांगली आहे, गोष्टी लिहून घ्या. हनुमंत म्हणतो, तुझ्याच डोक्यात पुस्तकं शिरलीत. त्याला काय सांगू, की मी वाचकाला पुढचं पुस्तक काढून देत गेले, हरवलेल्या लेकरांचीच, निवडून निवडून. मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता गं. आता त्याची लाज वाटते आणि रात्री अयोध्याच्या अंगावर हात टाकून जागी राहते.

म्हणून तू लिहिलंस ते मान्य. 'तिला तिथून काढ, माझ्याकडं पाठव, तू सोबत येऊ नकोस, ते ग्रंथालयाच्या बाईला धरून असतं, तू तिथंच त्याच्यासमोर थांब.' हनुमंत उद्या रविवारी तिला लातूरला आणून सोडेल, हे पत्रही पाकीट बंद करून त्याच्याच हाती देते. त्याला सांगितलंय, तिकडं चांगल्या शिकवणीची चौकशी करायची आहे म्हणून. मी इथं थांबते. ती गेल्यावर गोष्ट मी पुढं चालवीन. रोज एक दार सांगत राहीन, आमच्या गल्लीतून बाहेर, माळावर, जिथं घरंच नाहीत तिथं नेईन. निवृत्त होईपर्यंत सांगावं लागलं तरी सांगेन. दुसरं तरी मला काय येतं?

तिला वरणभात लागतो, तिखट चालत नाही. रात्री पाणी प्यायला उठते. तिला वाचायला लावू नकोस. फोन उचलत नाहीस, तिकडचा आवाज मला ऐकायचा नाही म्हणतेस, तेही मान्य. कार्ड टाकत जा.

राजकन्या


देगलूर
२१ जानेवारी २०२५, संध्याकाळ

विरूपाक्ष सर, दुपारी अभ्यासिकेचे मालक म्हणून तुमच्याशीच फोनवर बोलले ती मी, हा कागद फोटो काढून तुमच्या नंबरवर पाठवत आहे. कृपा करून तुम्ही वाचत बसू नका, सुकन्याबाईंच्या हातात द्या.

सुकन्या,

हनुमंत काल, सोमवारी सकाळी परत आला. म्हणाला, पोरगी खुशीत होती, सगळ्या रस्त्याला बडबड करून राहिली होती. मला इतकं बरं वाटलं की मी विचारलंच नाही, कोणाशी. काल ग्रंथालयात गेले, दार लावून त्या बाकासमोर खुर्ची ओढून बसले आणि गोष्ट सांगायला घेतली. आमच्या गल्लीच्या मागून वाट काढली, ओढा ओलांडला. सांगून राहिले, सांगून राहिले, आणि मध्येच मला माझाच आवाज ऐकू आला. रिकाम्या खोलीत एक बाई एकटी बोलत होती. समोर कोणी नव्हतं. सुकन्या, इतके महिने मी त्या खोलीत बसले, पण समोर कोणी नाही असं मला एकदाही वाटलं नव्हतं. काल वाटलं. मी ठेवलेलं पुस्तक आज सकाळीही त्याच पानावर होतं.

तू चुकलीस. ते ग्रंथालयाच्या बाईला धरून नसतं. जो गोष्ट सांगतो त्याच्यासोबत ते जातं. आधी तू सांगत होतीस. मग माझी अयोध्या.

दुपारपासून माझ्या फोनवरून, उमाबाईंच्या फोनवरून, मोठ्या सरांच्या फोनवरून तुला लावलं. वाजतो आणि बंद होतो. मग अभ्यासिकेच्या जाहिरातीवरचा नंबर शोधून तुमच्या मालकांना लावला. भला माणूस आहे. म्हणाले, "मॅडम, काही काळजी करू नका. बाई हॉलमध्ये आहेत, आत फोन चालत नाही. आणि लेकरं अगदी शांत आहेत." मी म्हटलं, लेकरं? तर म्हणाले, "तुमच्या मुली हो. जुळ्या आहेत का? काल रात्रीपासून मला दोघी दिसायला लागल्या, आधी एकच वाटली होती. एक काय सुरेख वाचते, माझी नीटची पोरं कानातले बोळे काढून ऐकत बसली. दुसरी नुसती तिच्या तोंडाकडं बघते." मी म्हटलं, फोन द्या, माझ्या मुलीला फोन द्या. ते म्हणाले, कुठलीला?  तेवढ्यात तिकडं क्लास सुटला, गलका झाला, फोन बंद.

इथं आपण त्याला नुसतं धरत होतो. तिथं ते दिसायला लागलंय.

लातूरची शेवटची गाडी गेली. पहाटेच्या पहिल्या गाडीनं मी निघतेय. हनुमंत धर्माबादला गेलाय, त्याला निघायला सांगितलंय, तो रात्रीत पोचेल तर बरं. पण तो बाप आहे, चेहरा बघून फसेल. म्हणून तुला सांगते, नीट वाच. कपड्यांवर जाऊ नकोस. तीळ, डाग काही बघू नकोस, ते सगळं त्यानं घेतलं असेल. आई म्हणून कोण हाक मारतं, ह्यावरही जाऊ नकोस. वाजवून वाजवून ते दाराच्या आत आलंय, आता विचारलंस तर तेही 'तुमचीच' म्हणेल.

पहिलीचं पुस्तक घे. दोघींसमोर ठेव. जी घडाघडा वाचेल तिच्यावर रागावू नकोस, तिला भिववू नकोस, ते तुझंच आहे आणि त्याला तूच शिकवलंस. तिला गोष्ट सांग, पहिल्यापासून सांग, रात्रभर सांग, तुझं दार आलं तरी थांबू नकोस. पण तिचा हात हातात घेऊ नकोस. जी क वर बोट ठेवून बसेल, म पर्यंत जाता जाता क विसरेल, घाम पुसेल, रडवेली होऊन तुझ्याकडं बघेल, तिला ओरडू नकोस. मी लई ओरडले तिला. तिला सांग, नाही आलं तरी चालतं, आईनं सांगितलंय, आता कधीच वाचायचं नाही. आणि तिला कडेवर घे.

जिला वाचता येत नाही ती माझी आहे.

राजकन्या